काळी, पांढरी आणि रेडकू

शाहूपुरीतल्या त्या दुकानात शिरलं की मालक पहिला प्रश्न विचारायचे, "गल्ली कुठली?"

आलेला माणूस व्हिडिओ गेमचं मशीन बघायला आलेला असायचा. त्याला वाटायचं, घरपोच देत असतील. तो गल्ली सांगायचा. मग मालक खुर्चीतून उठायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे आणि मागच्या भिंतीवरच्या नकाशासमोर जाऊन उभे राहायचे. तो नकाशा त्यांनी स्वतः काढला होता, चार जुन्या कॅलेंडरांच्या पाठी एकमेकींना चिकटवून. त्यावर कोल्हापूरच्या पेठा, गल्ल्या, तालमी होत्या आणि जागोजागी बायका कपाळाला लावतात तसल्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या. काळी टिकली म्हणजे त्या घरात काळं मशीन. लाल टिकली म्हणजे पांढरं मशीन. पांढरी टिकली कुठल्याच दुकानात मिळाली नाही म्हणून लाल, असा त्यांचा खुलासा होता.

"तुमच्या गल्लीत चार काळ्या हायत," ते सांगायचे. "तुम्ही एकटं पांढरी घिऊन करणार काय?"

यात वेडेपणा नव्हता. काळं आणि पांढरं ही दोन वेगळ्या कंपन्यांची मशीनं, एकाचा खेळ दुसऱ्यावर चालत नाही. काळ्या मशीनचे खेळ डिस्कवर मिळतात. एक नवी डिस्क साडेचार-पाच हजारांची. गल्लीत चार काळी मशीनं असली, तर चौघांनी एकेक डिस्क घ्यायची आणि आपसात फिरवायची. म्हणजे एका डिस्कच्या पैशात चार खेळ. हे गणित कंपनीच्या जाहिरातीत नसतं, कारण कंपनीला गल्ली माहीत नसते. आण्णांना माहीत होती.

आण्णा हे मालकांचं खरं नाव नव्हतं, पण सगळे आण्णाच म्हणत. गडमुडशिंगीहून रोज साडेदहाला मोपेडवरून यायचे. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, पायात करकरणारं पायताण. दुकानावर आधीच्या भाडेकरूचीच पाटी होती, त्यावर पंख्याचं चित्र होतं. आण्णांनी ती कधी बदलली नाही. "ज्येला मशीन पायजे त्यो पंख्याखालनं पण येतोय," असं म्हणायचे. पंखा दुरुस्तीला घेऊन येणारेही असायचे. त्यांचेही पंखे ते दुरुस्त करून देत.

या धंद्यात येण्याआधी ते तीस वर्षं एका दूध संस्थेत होते. दुधाचं फॅट मोजायचं काम. निवृत्त झाल्यावर पुण्याला गेलेल्या पुतण्यानं मागं टाकलेलं एक बंद मशीन त्यांनी उघडलं. आत वाटीभर धूळ निघाली. ती काढली, पंखा साफ केला, मशीन चालू झालं. तिथून सुरुवात. पुढं जुनी मशीनं घ्यायची, नीट करायची, विकायची, असा जम बसला. पण तीस वर्षं दुधात गेलेली, त्यामुळं भाषा दुधाचीच राहिली. काळ्या मशीनला ते 'काळी' म्हणत, पांढऱ्याला 'पांढरी' आणि हातात धरून खेळायच्या छोट्याला 'रेडकू'. खेळांवर आणि महिन्याच्या वर्गणीवर जो खर्च होतो ती वैरण. जितके तास घरात खेळलं जातं ती धार. ज्या मशीनवर महिनोन्‌महिने कुणी खेळत नाही, ते भाकड.

"म्हशीची किंमत बाजारात कळत न्हाय पावणं, वैरणीत कळतीया," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान पन्नास वेळा ऐकलं असेल.

त्यांचा हिशेब सरळ होता. मशीनची किंमत घ्यायची. त्यातून शेवटी विकताना येतील ते पैसे वजा करायचे. त्यात वैरण मिळवायची. आलेल्या आकड्याला घरात खेळल्या गेलेल्या तासांनी भागायचं. येईल तो धारेचा भाव. मी एका फाउंड्रीत कॉस्टिंगला आहे. ओतलेल्या लोखंडी भागाची किलोमागची किंमत काढणं हे माझं चोवीस वर्षांचं काम. पण आमच्याकडंही भागाकार इतका स्वच्छ नसतो.

स्वतः आण्णा खेळत नसत. "तीस वर्षं दूध मोजलं, कधी घोटभर प्यालो न्हाय. च्या पण काळा," ते म्हणायचे. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की फुटबॉलचा खेळ लावायचे आणि दोन्ही बाजूंनी मशीनलाच खेळू द्यायचे. मशीन विरुद्ध मशीन. हे खुर्चीत मागं रेलून बघत. कोल्हापुरात तालमी-तालमींचे फुटबॉलचे संघ असतात, म्हणून एका संघाला ते शिवाजी पेठ म्हणत आणि दुसऱ्याला नाव देत नसत, कारण दुसऱ्या पेठेचं गिऱ्हाईक कधीही आत येईल. गोल हुकला की शेजारचा मोटार वाइंडिंगवाला ऐकेल इतक्या मोठ्यानं ओरडायचे, "आरं मोकळा हुतास की! आंधळा हायस काय!"

एकदा मी बसलेलो असताना एक कंत्राटदार आला. हातात गाडीची किल्ली, ती बोटाभोवती फिरवत.

"आण्णा, सगळ्यात भारी कुठलं हाय ते बांधा."

"खेळणार कोण?"

"पोरगं हाय की घरात."

"त्येची दोस्ती कुणासंगं हाय?"

"ते मला काय म्हाईत? पैसं मी देतोय न्हवं?"

"पैसं देणारा येगळा आणि धार काढणारा येगळा असला की म्हस लवकर आटती पावणं. पोराला घिऊन या."

"दुकान काढलंय का शाळा?" कंत्राटदार माझ्याकडं बघून म्हणाला. तो गेला आणि त्यानं दुसरीकडून नवं कोरं मशीन घेतलं. आठ महिन्यांनी तेच मशीन घेऊन परत आला, विकायला. आण्णांनी ते टीव्हीला जोडलं. मशीन आपल्या पोटात सगळं लिहून ठेवतं, कुठला खेळ किती तास चालला ते. आण्णांनी बेरीज केली. एकोणीस तास.

"सगळं धरून किती घातलासा?"

"अडुसष्ट हजार."

"मी तीस देतो. अडतीस हजार गेलं. भागिलं एकोणीस. तासाला दोन हजार." आण्णांनी कागद त्याच्यापुढं सरकवला. "एवढ्यात दोन तालमींची पोरं तुमच्या दारात येऊन मॅच खिळून गेली असती. वर पांढरा रस्सा वरपून."

कंत्राटदार आधी रागावला, मग कागदाकडं बघून हसायला लागला. चहा घेऊन गेला. तो कागद त्यानं खिशात घातला हे मला आठवतं.

आण्णा चुकायचेही. रेडकू त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "त्येला ना धड दूध, ना शिंगं," म्हणायचे. एका बस कंडक्टरला त्यांनी रेडकू घेऊ नका म्हणून अर्धा तास समजावलं. त्यानं ऐकलं नाही, चोवीस हजारांना घेतलं. दोन वर्षांनी बदलायला आला. गावोगावच्या स्टँडवर गाडी सुटेपर्यंतचा जो वेळ, तो सगळा त्यानं त्याच्यावर घालवला होता. चौदाशे तास. आण्णांनी दहा हजारांना परत घेतलं, खेळांचे सात हजार धरले आणि भागाकार केला. तासाला पंधरा रुपये. दुकानातल्या कुठल्याच काळी-पांढरीचा भाव इतका खाली आलेला नव्हता. ती चिठ्ठी त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि आल्यागेल्याला दाखवत. "मी हिला रेडकू म्हणलो. हिनं म्हशीस्नी मागं टाकलं."

आता ते दुकान नाही. डिस्क लागतच नाही अशी मशीनं आली. खेळ इंटरनेटवरून उतरवायचा, तो विकता येत नाही, शेजाऱ्याला देता येत नाही. आण्णांनी असं एक मशीन उलटंपालटं करून बघितलं. डिस्क घालायची फट कुठंच नव्हती. "जी म्हस इकता येत न्हाय, जिचं पारडू कुणाला देता येत न्हाय, ती म्हस न्हवं. ते भाडं हाय," म्हणाले. वर्षभर ओढलं आणि दुकान सोडलं. आता गावी दोन खऱ्या म्हशी आहेत. नकाशाचं काय केलं, मी विचारलं नाही.

माझी त्यांची ओळख मात्र दुकान जोरात असतानाची. ती कशी झाली ते सांगितलं पाहिजे, कारण त्यात माझी चूक आहे.

तेव्हा माझी मुलगी दहावी पास होऊन अकरावीला गेली होती. आम्ही दोन वर्षांपूर्वी शिवाजी पेठेतलं भाड्याचं घर सोडून गावाबाहेरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. फ्लॅट स्वतःचा, दोन खोल्या जास्त, पाणी चोवीस तास. कागदावर सगळं चांगलं होतं. पण मुलगी बोलायची थांबली. पेठेत असताना ती शाळेतून आली की दप्तर टाकून गल्लीत पळायची, आठ वाजता हाका मारून आणावी लागायची. इथं ती आपल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. जेवताना 'हो', 'नाही', 'बास'. बायको म्हणायची, वय आहे. मीही तसंच धरून चाललो होतो. पण बायको रात्री जेवणानंतर भांडी घासताना एकदा म्हणाली, "आज दिवसभरात तिनं मला अकरा शब्द सांगितले." मोजायची सवय माझी, तिची नव्हे. ते ऐकून मला काळजी वाटली.

दहावीला चांगले गुण मिळाले तर मागेल ते देईन, असं मी म्हटलं होतं. तिनं एकच गोष्ट मागितली. काळं मशीन. जुन्या गल्लीतल्या तिच्या दोन मैत्रिणींकडं काळं होतं. घरबसल्या तिघींना एकत्र खेळता येईल, कानाला हेडफोन लावून बोलता येईल, असं तिनं एकदाच सांगितलं. पुन्हा सांगितलं नाही.

मी तक्ता केला. पाच वर्षांचा. जुनं काळं मशीन चौतीस हजार. डिस्क घ्यायच्या आणि विकायच्या, त्यातली घट सोळा हजार. ऑनलाइन खेळायची वर्गणी वीस हजार. एकूण सत्तर, शेवटी विकून बारा येतील, म्हणजे अठ्ठावन्न हजार. जुनं पांढरं एकवीस हजार. त्याची वर्गणी महिना साडेपाचशे, पाच वर्षांची तेहेतीस हजार, पण त्यात शेकड्यांनी खेळ फुकट. एकूण चोपन्न, विकून पाच येतील, म्हणजे एकोणपन्नास हजार. पांढरं नऊ हजारांनी स्वस्त आणि खेळ कितीतरी जास्त. मैत्रिणींसाठी मी शेवटी एक ओळ ठेवली होती. तिच्यापुढं काय आकडा लिहायचा ते कळेना, म्हणून रेघ मारली.

तक्ता घेऊन मी आण्णांकडं गेलो. त्यांनी तो पूर्ण वाचला, एकेका आकड्यावर बोट ठेवून. चूक सापडली नाही.

"हिशेब पक्का हाय," ते म्हणाले. "पर ह्येच्यात धार कुठं हाय?"

"रोजचा एक तास धरलाय."

"धरलाय. काढून बघितलाय काय?"

मग त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. जनावरांच्या बाजारात शहाणा माणूस एका धारेवर म्हैस घेत नाही. विकणारा आदल्या दिवशीची एक धार काढतच नाही, त्यामुळं कास फुगून दिसते आणि दूध भरपूर निघतं. त्याला म्हैस तुंबवणं म्हणतात. म्हणून घेणारा तिथंच मुक्काम करतो आणि लागोपाठ तीन धारा डोळ्यांदेखत काढून बघतो. आण्णाही तसंच करायचे. पाच हजार अनामत घेऊन मशीन तीन संध्याकाळ घरी द्यायचे. बरोबर एक वही. कोण बसलं, किती वाजता बसलं, किती वाजता उठलं, ते घरच्या कर्त्यानं लिहायचं. चौथ्या दिवशी मशीन आणि वही परत. वही बघून ते ठरवायचे, विकायचं की नाही.

"तुमच्या तक्त्यानं पांढरी म्हणलंय न्हवं? मग पांढरीच न्या. काळी एकच शिल्लक हाय, ती हाय हितं. पर येत्या आठवड्याच्या सोमवारी दुसरं गिऱ्हाईक येणार हाय तिला बघायला, ध्यानात ठेवा."

पहिल्या संध्याकाळी मुलगी बसली. अर्धा तास तिनं खेळांची यादीच वर-खाली केली. मग एक उड्या मारायचा खेळ लावला, सफाईनं खेळली, आणि अर्ध्या तासानं उठली. वहीत एक तास. दुसऱ्या संध्याकाळी वीस मिनिटं. "अभ्यास आहे," म्हणाली. तिसऱ्या संध्याकाळी खोलीतून बाहेरच आली नाही. मी एकदा दार वाजवलं. "नंतर बघते," म्हणाली.

मी टीव्हीसमोर एकटा बसलो. मांडीवर वही. ऑफिसात सहकाऱ्यांना मी तो तक्ता दाखवला होता, त्यांनी कौतुक केलं होतं. बायकोला पटवलं होतं. तीन संध्याकाळींची बेरीज एक तास वीस मिनिटं येत होती आणि त्या भागाकारानं पांढऱ्याचा भाव कुठल्या कुठं जात होता. मी कंट्रोलर उचलला. मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावला. दीड तास खेळलो. आणि वहीत लिहिलं, मुलगी, साडेसहा ते आठ.

चोवीस वर्षांत कुठल्याही कागदावर मी खोटा आकडा लिहिलेला नाही. तो पहिला.

चौथ्या दिवशी आण्णांनी मशीन जोडलं, वही उघडी ठेवली आणि पडद्यावर शोधत गेले.

"पहिल्या दिशी पोरगीचा हात चांगला हाय," शेवटी म्हणाले. "तिसऱ्या दिशी तिनं गाडी चव्वेचाळीस येळा भिंतीवर घातलीया. सोळा शर्यती, सोळाव्यांदा पण शेवटचा नंबर. तिला बरं नव्हतं काय?"

मी वहीकडं बघितलं.

"म्हशीला बी हात कळतोय हिशेबवाले. मशीनला न्हाय कळायचा?" आवाज अजिबात चढला नव्हता. "वही तुंबवलीसा."

शेजारच्या दुकानात कुणीतरी मोटार चालू करून बघत होतं. ती थांबेपर्यंत मी उभा होतो. मग म्हणालो, "चुकलं."

"ते मला काय सांगताय? जिचं नाव घातलंय तिला सांगा. आणि जमलं तर हिकडं घिऊन या. न्हाय जमलं तर पाच हजार घिऊन जावा, दोगंबी मोकळं."

घरी गेलो. मुलीच्या खोलीचं दार ढकललं. ती पलंगावर मोबाइल बघत होती.

"कालचा दीड तास मी तुझ्या नावावर लिहिला," मी म्हणालो.

"माहीत आहे मला, पप्पा."

"कसं?"

"गाडी आपटायचा आवाज येत होता की. दीड तास. मला वाटलं तुम्हाला आवडलं असंल."

"उद्या आण्णांकडं येतेस का? काळं बघू."

"नको. काही नको मला." मोबाइलवरची नजर तिनं उचलली नाही. "तुमचा तक्ता बरोबर आहे. काळं महागच आहे."

आपलं गणित बरोबर असल्याचं मला तेवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. मी तिथंच खुर्चीत बसून राहिलो. मग म्हणालो, "तक्त्यात तुझ्या मैत्रिणींसमोर मी रेघ मारलीय. मला आकडा येईना. आण्णांना येतो का बघू, चल."

बायको दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "जा की गं. म्हातारा नाहीच म्हणाला तर येताना भेळ खाऊन या."

दुसऱ्या दिवशी ती आली. आण्णांनी तिला खुर्ची दिली, मला स्टूल. आणि तिला विचारलं, "गल्ली कुठली, बाळा?"

तिनं शिवाजी पेठेतली गल्ली सांगितली.

मी तोंड उघडलं. आम्ही दोन वर्षांपूर्वी तिथून निघालो आहोत, आता पत्ता दुसरा आहे, हे सांगायला. आण्णांनी माझ्याकडं न बघता नुसता हात वर केला. मी तोंड मिटलं. ते नकाशापाशी गेले, बोट फिरवत गल्लीवर आले.

"हितं दोन काळ्या हायत."

"एक कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या वर," ती उठून नकाशापाशी गेली. "दुसरी हिकडं पाहिजे. तुम्ही रस्त्याच्या चुकीच्या बाजूला लावलीय टिकली, आजोबा."

"व्हय?" आण्णांनी टिकली नखानं उचकटली आणि तिच्या बोटावर दिली. "मग लाव बरोबर जागी."

तिनं लावली. मग ती बोलायला लागली. तिघी मिळून फुटबॉलची एक लीग खेळत होत्या, ती अर्धी राहिलेली. तिचा संघ दुसऱ्या नंबरवर होता. ती गेल्यावर त्या दोघी तिच्या संघाला हातही लावत नाहीत, मशीनलाही खेळू देत नाहीत, तो तसाच ठेवलाय. गिरणीवरची गोलकीपर चांगली आहे पण रडते फार. आण्णा मध्ये एखादा प्रश्न विचारत होते. "पेनल्टी कोण घेतंय?" "मीच की." मी स्टुलावर बसून ऐकत होतो. त्या पाऊण तासात ती जेवढं बोलली, तेवढं आमच्या घरात महिन्याभरात झालं नव्हतं. यातली एकही गोष्ट मला माहीत नव्हती.

"काळी न्या," आण्णा म्हणाले. मला वाटलं, झालं. पण त्यांनी वही पुढं केली. "तीन धारा. आणि हिशेबवाले, लिवायचं तुम्हीच. ही वही बिघडली तर सोमवारचं गिऱ्हाईक हाय."

शुक्रवार, शनिवार, रविवार. पहिल्या संध्याकाळी सव्वादोन तास. ती हेडफोन लावून बसली होती, त्यामुळं समोरच्यांचं ऐकू येत नव्हतं, फक्त हिचं. "अगं पास दे, पास दे... गाढवे!" बायको स्वयंपाकघरातून दोनदा विनाकारण बाहेर येऊन गेली.

शनिवारी ती पाच मिनिटांत उठली. हेडफोन सोफ्यावर आपटला आणि खोलीत गेली. दार लोटलं नाही, आदळलं. बायको आत जाऊन आली. गिरणीवाल्या मैत्रिणीशी भांडण. कालचा एक गोल खरा की खोटा यावरून. "मी पुन्हा खेळणार नाही" असं म्हणते आहे.

मी वही घेतली. सव्वादोन तास, आणि त्याखाली आता पाच मिनिटं लिहायची. सोमवारचं गिऱ्हाईक ठरलेलं. हे वाचून आण्णा नाही म्हणाले, तर एवढं बोलती झालेली मुलगी परत त्या खोलीत जाणार, आणि या वेळी मी काहीही म्हटलं तरी बाहेर येणार नाही. पेन हातात होतं. पाचाच्या पुढं आणखी एक पाच लिहिला असता तर पंचावन्न मिनिटं झाली असती. तेवढा वेळ खेळ नुसता चालू ठेवला असता तर मशीनमध्येही तेच आलं असतं, त्यात भांडण लिहिलेलं नसतं. पण पाच मिनिटंसुद्धा तिनं खेळली नव्हती, नुसती भांडली होती. मी लिहिलं, शून्य.

रविवारी दुपारी तिच्या मोबाइलवर मेसेजचे आवाज येत होते. मी विचारलं नाही. सहाला ती बाहेर आली, हेडफोन उचलला, आणि पावणेनऊला तिला जेवायला ओढून आणावं लागलं. पावणेतीन तास.

सोमवारी मी ऑफिसातून लवकर निघालो, तिला गाडीवर घेतलं आणि चारला शाहूपुरीत पोचलो. आण्णांनी वही घेतली. पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून थांबले.

"ह्यो शून्य कसला?"

"त्या दिवशी खेळली नाही."

"का?"

"भांडण झालं. मैत्रिणीशी."

"गोल न्हवताच त्यो," मुलगी मागून म्हणाली. "ऑफसाइड होती ती."

आण्णांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. वही मिटली.

"भांडायला माणूस लागतंय," ते म्हणाले. "पांढरी तीन दिवस घरात हुती, तवा कुणासंगं भांडली काय?"

त्यांनी मशीन खोक्यात ठेवलं, वायरी गुंडाळून कडेला घातल्या, वरून दोरी आवळली. पैसे मोजून घेतले, अनामत त्यात धरली. सोमवारच्या गिऱ्हाइकाचं काय, म्हणून मी विचारलं. "त्येला सकाळीच सांगितलं, न्हाय म्हणून," म्हणाले. "त्येच्या गल्लीत सगळ्या पांढऱ्याच हायत." सकाळी तर त्यांनी आमची वही बघितलीही नव्हती.

खोकं मुलीनं मांडीवर घेतलं आणि गाडीवर माझ्यामागं बसली. शाहूपुरीतून बाहेर पडायच्या आतच तिनं सुरुवात केली. ऑफसाइड म्हणजे काय ते मला समजावू लागली. मला ते आधीपासून ठाऊक होतं, कोल्हापूरचाच आहे मी. तरी विचारलं, "म्हणजे नक्की कसं?" घर साडेसहा किलोमीटर आहे आणि एरवी अठरा मिनिटं लागतात. त्या दिवशी मी गाडी वीसच्या वर नेली नाही. मागचे हॉर्न वाजवत होते, त्यांना हात करून पुढं जाऊ देत होतो.